एमएफ डूमच्या मागावर: लॉंग बीच, मॅनहॅटन, लीड्स

एमएफ डूम म्हणजे डॅनिएल ड्युमिले. जन्म १३ जुलै १९७१, लंडनच्या हाउन्स्लोमध्ये. आई त्रिनिदादची, वडील झिंबाब्वेचे, लहानपण न्यूयॉर्कच्या लॉंग आयलंडवर. धातूचा मुखवटा चढवून रॅप करणारा माणूस म्हणून तो ओळखला जातो. भाऊ गेला, रेकॉर्ड कंपनीने हाकललं, रस्त्यावर दिवस काढले, ही कहाणी इंटरनेटवर शंभर ठिकाणी सापडते. त्यानंतर तो पुन्हा कामाला कसा लागला, कोणत्या खोलीत, कोणत्या साधनांनी, हे मात्र कुणी धड सांगत नाही. ऑक्टोबरातल्या या प्रवासाचा रोख त्यावर होता. क्रम त्याच्या आयुष्याचा नाही, विमानांच्या सोयीचा आहे: आधी न्यूयॉर्क, परतताना इंग्लंड.

पहिला दिवस: लॉंग बीच

मुक्काम एडिसनला, मावसबहिणीकडे. न्यू जर्सीत कुणीतरी आपलं असणं ही मराठी माणसाच्या अमेरिकावारीची नेहमीची सोय, आणि या फेरीला ती फारच उपयोगी पडते. एडिसनहून एनजे ट्रान्झिटची गाडी मॅनहॅटनच्या पेन स्टेशनला सोडते आणि लॉंग आयलंड रेल रोडच्या गाड्या तिथूनच सुटतात, स्टेशनाबाहेर पडावंच लागत नाही. तिकीट ट्रेनटाइम ॲपवर गाडीत चढण्याआधी काढा, गाडीत काढलं तर जास्त पैसे पडतात. कामाच्या दिवशी संध्याकाळी ४ ते ८ मॅनहॅटनहून बाहेर जाणाऱ्या गाड्यांना महागडं पीक तिकीट लागतं, म्हणून सकाळी निघावं. लॉंग बीच हे त्या फाट्यावरचं शेवटचं स्टेशन, साधारण तासाभराचा रस्ता. काही गाड्यांना जमैकाला बदलावं लागतं. चढताना कंडक्टरला विचारून घेतलेलं बरं.

शेवटच्या टप्प्यात गाडी खाडीवरचा पूल ओलांडते आणि लक्षात येतं की हे गाव म्हणजे वाळूचा एक लांबट पट्टा आहे, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला अटलांटिक. वारा असा, की टोपी हातातच धरावी लागली. २०१२च्या सँडी वादळात इथे घराघरांत पाणी शिरलं होतं. त्यानंतर उंच खांबांवर उचलून घेतलेली घरं जागोजागी दिसतात, शेजारी जुनी बुटकी घरं तशीच.

स्टेशनातून पूर्वेला पंधरा मिनिटं चाललं की रिव्हरसाइड बुलेवार्ड आणि ईस्ट हडसन स्ट्रीटचा कोपरा येतो. २०२१च्या जुलैत या रस्त्याला ‘केएमडी-एमएफ डूम वे’ हे जोडनाव मिळालं (केएमडी हा त्याचा पहिला ग्रुप). पाहायला आहे ती एवढीच पाटी. पुतळा नाही, संग्रहालय नाही. कुत्रं फिरवायला निघालेले एक आजोबा थांबले. पाटीचा फोटो समोरच्या फुटपाथवरून घ्या, सकाळी इथून ऊन डोळ्यांवर येतं, असं त्यांनी न विचारता सांगितलं. “मास्क घालून पोरं येतात,” म्हणाले, “उन्हाळ्यात तर फार. जीव गुदमरत नाही का त्यांचा?”

इथल्या घरांत डॅनिएल आणि त्याचा धाकटा भाऊ डिंगिलिझ्वे वाढले. ग्राफिटी, ब्रेकडान्स, मग रॅप. ग्रुपचं नाव केएमडी, डॅनिएल झाला झेव्ह लव्ह एक्स आणि भाऊ डीजे सबरॉक. १९८९मध्ये थर्ड बेस या ग्रुपच्या ‘द गॅस फेस’मध्ये डॅनिएलला एक कडवं मिळालं. त्यावरून इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीचा करार आला आणि १९९१मध्ये पहिला अल्बम निघाला. दुसरा जवळजवळ पूर्ण होत आलेला असताना, १९९३च्या एप्रिलमध्ये, हायवे ओलांडताना सबरॉकला गाडीने उडवलं. वय १९. डॅनिएलने एकट्याने अल्बम पुरा केला. मुखपृष्ठावर फासावर लटकवलेलं ‘सँबो’चं व्यंगचित्र होतं. कृष्णवर्णीयांची टिंगल करणारं ते जुनं चित्र आम्ही फासावर देतोय, असा त्याचा सरळ अर्थ. त्यावरून वाद पेटला. १९९४मध्ये, बाजारात यायच्या तोंडावर, कंपनीने अल्बम थांबवला आणि करारही मोडला. वर्षाच्या आत भाऊ गेला आणि पोटापाण्याचं साधनही. पुढची तीनेक वर्षं तो हिप हॉपमधून गायब होता. मॅनहॅटनच्या रस्त्यांवर भटकायचो, बाकांवर झोपायचो, असं त्याने नंतर सांगितलं आहे.

समुद्रावरचा लाकडी बोर्डवॉक साडेतीन किलोमीटरचा आहे. उन्हाळ्यात किनाऱ्यावर उतरायला पास लागतो, ऑक्टोबरात नाही, मात्र खाण्याच्या टपऱ्याही बंद असतात. म्हणून जेवायला क्वीन्समधल्या रिचमंड हिलला जायचं. जमैका स्टेशनला उतरून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांत लिबर्टी अॅव्हेन्यू. त्रिनिदाद आणि गयानाच्या भारतवंशीयांचा हा बाजार: शिवमंदिरं, साड्यांची दुकानं, आणि डबल्स. हळद घातलेल्या मऊ मैद्याच्या दोन तळलेल्या पुऱ्या, त्यांना ‘बारा’ म्हणतात, एकावर एक थोडी सरकवून ठेवायच्या आणि मध्ये पातळसर छोल्यांची उसळ. वर चिंचेची चटणी, काकडी आणि तिखट मिरचीचं सॉस. मागताना ‘स्लाइट पेपर’ म्हणा. नुसतं ‘पेपर’ म्हणालात तर मिरची आपल्या ठेच्यालाही भारी पडते. कागद हातावर उघडून, एक बारा फाडून त्यातच छोले उचलायचे. चमचा मागितला की दुकानदारीण हसते. उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून नेलेल्या मजुरांच्या वंशजांचं हे खाणं. डूमच्या आईच्या बेटावर आजही सकाळचा नाश्ता हाच.

दुसरा दिवस: ईस्ट व्हिलेज आणि अल्फाबेट सिटी

या फेरीतला सगळ्यात भरगच्च दिवस, म्हणून शनिवार-रविवार टाळून ठेवावा. सुट्टीच्या दिवशी सबवेची रुळांची कामं निघतात आणि एफ गाडी भलत्याच मार्गाने जाते.

एफ गाडीने सेकंड अॅव्हेन्यू. बाहेर पडल्यावर हाउस्टन स्ट्रीटवर योना शिमेल हे १९१० सालचं निश बेकरीचं दुकान लागतं. निश म्हणजे बटाट्याचं सारण पातळ कणकेत गुंडाळून भट्टीत भाजलेला गोळा. वर मोहरीचं सॉस घेतलं तर बटाटेवड्याचा थंड प्रदेशातला चुलतभाऊ वाटतो. शाकाहारी मंडळींना दुपारपर्यंत एक पुरे. मांसाहाऱ्यांसाठी थोडं पुढे १८८८चं कॅट्झ डेली आहे. तिथे दारात एक चिठ्ठी देतात, ती हरवायची नाही, बाहेर पडताना तीच दाखवावी लागते.

तिथून चालत ईस्ट थर्ड स्ट्रीट, अॅव्हेन्यू बी आणि सी यांच्या मधोमध न्यूयोरिकन पोएट्स कॅफे. १९७३मध्ये मिगेल अल्गारिन या कवीच्या घरात पोर्तो रिकन कवींचा अड्डा म्हणून सुरू झालेली ही संस्था. आम्ही गेलो तेव्हा इमारतीचं नूतनीकरण चालू होतं आणि कार्यक्रम इतर ठिकाणी होत होते, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर जागा पाहून घ्या. बाहेरून पाहिलं तरी एक गोष्ट कळते: जागा अरुंद आहे. चाळीतल्या गणेशोत्सवाच्या मंडपाइतकीच म्हणा ना. पहिल्या रांगेतला श्रोता माइकपासून हातभर अंतरावर.

इथेच, १९९७-९८च्या सुमारास, ओपन माइकच्या, म्हणजे कुणीही मंचावर येऊन सादर करायच्या, रात्री एक जाडसर माणूस चेहऱ्यावर बायकांचा स्टॉकिंग ओढून उभा राहायला लागला. मुखवटा नंतरचा. इतक्या जवळून चेहरा झाकायचा तर स्टॉकिंगच सोयीचा: ओठ मोकळे हलतात, श्वास अडत नाही, घामाने चिकटला तरी शब्द स्पष्ट येतात, आणि नाक-डोळे सपाट होऊन माणूस ओळखू येत नाही. पूर्ण बंद मुखवट्यात शब्द दबतात आणि आवाज आतल्या आत घुमतो. पुढे धातूचा मुखवटा आला तो ‘ग्लॅडिएटर’ सिनेमाच्या शिरस्त्राणाच्या नकलेवरून, कीओ या ग्राफिटी कलाकाराने करून दिलेला. त्यात तोंडाचा भाग मोकळा आहे, हे फोटो नीट पाहिल्यावर लक्षात येतं.

मुखवट्याला दुःखाचं प्रतीक म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते अर्धंच पटतं. मार्व्हल कॉमिक्समधला डॉक्टर डूम हा जखमी चेहरा लपवून जगावर सूड उगवणारा खलनायक, ते बाह्यरूप त्याने घेतलं हे खरं. पण त्याचं स्वतःचं म्हणणं साधं होतं: चेहऱ्याकडे बघू नका, शब्द ऐका. जुन्या नावाचा, जुन्या कराराचा, ‘तो केएमडीवाला बिचारा’ या सहानुभूतीचा माल त्याला विकायचा नव्हता. पुढे तो स्वतःऐवजी दुसऱ्यालाच मुखवटा घालून मैफलीला पाठवू लागला आणि त्याचंही असंच समर्थन केलं. तिकीट काढून आलेल्यांची ती फसवणूकच होती. आवडता कलाकार म्हणून तिला वेगळं नाव देण्यात अर्थ नाही.

दोन-तीन ब्लॉक वर, ईस्ट सिक्स्थ स्ट्रीटवर ए-वन रेकॉर्ड्स. १९९६चं हे दुकान डीजे आणि रॅपखालचं संगीत बनवणाऱ्या निर्मात्यांचं. आत ऐकून बघायला टर्नटेबल आहेत. काउंटरवरच्या माणसाला डूमचं नाव सांगितलं तर त्याने डूमची तबकडी काढलीच नाही. थेट सोल आणि जॅझ-फ्युजनच्या कप्प्याकडे बोट दाखवलं: “तो इथून घ्यायचा, तुम्हीही इथून सुरू करा.”

त्या माणसाचं बरोबर होतं. डूमचा १९९९चा अल्बम ‘ऑपरेशन: डूम्सडे’ बनला तो असल्या तबकड्यांतले तुकडे उचलूनच. शीर्षकगीताखाली शादेचं ‘किस ऑफ लाइफ’ आहे, ‘गॅस ड्रॉल्स’खाली स्टीली डॅनचं ‘ब्लॅक काउ’, ‘राइम्स लाइक डाइम्स’खाली क्विन्सी जोन्सचं ‘वन हंड्रेड वेज’. तेव्हाचे बाकीचे अंडरग्राउंड, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरचे, निर्माते दुर्मीळ, कुणी न ऐकलेल्या तबकड्या शोधण्यात भूषण मानत. डूमने घरोघरी वाजलेली मऊ प्रेमगीतं उचलली आणि त्यांवर भाऊ, भूक, दारू यांच्या ओळी घातल्या. मध्ये मध्ये, डॉक्टर डूम ज्यात आहे त्या ‘फॅन्टास्टिक फोर’च्या जुन्या कार्टूनमधले संवाद. भारी वाद्यवृंद, महागडा स्टुडिओ काही लागलं नाही.

त्या पिढीची यंत्रं पाहिली तर हे कमी खर्चात कसं जमायचं ते कळतं. हिप हॉपमधला गाजलेला ई-म्यू एसपी-१२०० सॅम्पलर, म्हणजे तबकडीतला तुकडा साठवून पुन्हा वाजवणारं यंत्र, घ्या: आवाजाची नोंद ढोबळ, १२ बिटांची, आणि साठवण अवघी १० सेकंदांची, एका तुकड्याला जास्तीत जास्त अडीच सेकंद. म्हणून मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगाची तबकडी ४५वर वाजवून आत घ्यायची आणि यंत्रात सूर खाली ओढायचा. वेग १.३५ पट असल्याने १० सेकंदांच्या जागेत साडेतेरा सेकंद बसतात. मोबदल्यात वरचे सूर मरतात आणि ढोलाला एक खरखरीत, जाड कड येते. ती कड हवीहवीशी वाटू लागली आणि तोच त्या काळचा नाद ठरला. चूक होते ती सूर खाली ओढताना: तुकड्याचा शेवट नीट छाटला नाही तर प्रत्येक फेरीला टिचकीसारखा आवाज येतो. त्यामुळे कापायची जागा ढोलाच्या ठोक्याच्या किंचित आधी धरायची.

आणि हे छापलं कुणी? फॉन्डल एम रेकॉर्ड्स हे बॉबिटो गार्सियाने १९९५मध्ये काढलेलं छोटंसं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी. डूमच्या तिथल्या पहिल्या बारा इंची तबकड्या १९९७पासून निघाल्या. हिशेब सरळ: व्हिडिओ नाही, जाहिरात नाही, एका तबकडीवर दोन-तीन गाणी आणि डीजेंना लागणारी त्यांची नुसत्या संगीताची आवृत्ती. विकणारी मूठभर दुकानं, वाजवणारी कॉलेजची रेडिओ केंद्रं. मुखपृष्ठावरून अल्बम दाबून ठेवू शकेल असा कुणी वरिष्ठच इथे नव्हता. मोठ्या कंपनीने पोळलेल्या माणसाला ही व्यवस्था नेमकी मानवली, आणि शेवटपर्यंत तो मोठ्या कंपनीकडे परतला नाही.

तबकड्या घेणाऱ्यांसाठी: फॉन्डल एमच्या मूळ छपाईच्या किमती अफाट आहेत आणि नकला बाजारात भरपूर. तबकडीच्या मधल्या कागदी लेबलाजवळच्या कोऱ्या पट्ट्यावर कोरलेला क्रमांक ऑनलाइन यादीशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे काढू नका. तबकडी दिव्याखाली तिरपी धरा. केसासारखे ओरखडे चालतात, नखाला लागणारा ओरखडा वाजतोच. ऐकण्यापुरती हवी असेल तर नवी अधिकृत छपाई उत्तम. विमानातून आणताना तबकडी मुखपृष्ठातून काढून आतल्या कागदासकट मागे ठेवायची आणि दोन्ही मिळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, नाहीतर धक्क्याने मुखपृष्ठाची शिवण फाटते. सामान हातातच ठेवा. घरी आल्यावर उभी ठेवा. आडव्या चळतीत, मुंबईच्या मे महिन्यात, ती वाकलीच म्हणून समजा.

तिसरा दिवस: ब्रॉन्क्स, कोलंबिया

ब्रॉन्क्समधला १५२० सेजविक अॅव्हेन्यू हा पत्ता हिप हॉपचं जन्मस्थान मानतात. ११ ऑगस्ट १९७३ला डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत इथे तबकड्या लावल्या. ही राहती इमारत आहे. बाहेरून पाहायचं आणि निघायचं, दहा मिनिटांत होतं. मेट्रो-नॉर्थचं मॉरिस हाइट्स स्टेशन जवळ पडतं.

दुपारी एक नंबरच्या सबवेने ११६वा रस्ता, कोलंबिया विद्यापीठ. इथल्या डब्ल्यूकेसीआर ८९.९ या विद्यार्थी केंद्रावर १९९० ते १९९८ मध्यरात्रीनंतर स्ट्रेच आर्मस्ट्रॉंग आणि बॉबिटोचा कार्यक्रम चालायचा. करार नसलेली पोरं थेट स्टुडिओत येऊन रॅप करत आणि शहरभर लोक ते कॅसेटवर भरून घेत. कार्यक्रम चालवणारा बॉबिटो तोच, ज्याने पुढे डूमला छापलं. आवारात दाखवण्यासारखं काही नाही, ऑक्टोबरातली पिवळी झाडं मात्र सुरेख.

गाडीत ऐकायला काय घ्यावं, हा प्रश्न नेहमी येतो. लॉंग बीचच्या तासाभराला ‘ऑपरेशन: डूम्सडे’ बरोबर बसतो. एडिसनच्या गाडीला मॅडलिबबरोबरचा २००४चा ‘मॅडव्हिलनी’: २२ तुकडे, ४६ मिनिटं, ध्रुवपद जवळजवळ कुठेच नाही. मॅडलिब या निर्मात्याने त्याचे बरेचसे बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, ब्राझीलच्या हॉटेलात एक छोटा बॉस एसपी-३०३ सॅम्पलर, हातातला टर्नटेबल आणि कॅसेट डेक एवढ्यावर केले. कच्ची टेप तिथेच चोरीला गेली आणि पूर्ण व्हायच्या वर्षभर आधी अल्बम इंटरनेटवर फुटला. मग डूमने बरेच शब्द पुन्हा ध्वनिमुद्रित केले, या वेळी आवाज खाली आणि संथ. कच्ची आवृत्ती मिळाली तर दोन्ही लागोपाठ ऐका, त्याचा पुढचा ओळखीचा आवाज त्या दुरुस्तीत घडला हे ऐकू येतं. आपल्या कानाला एक आणखी दुवा: याच मॅडलिबने २००७मध्ये ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ हा अख्खा अल्बम हिंदी सिनेसंगीताच्या तबकड्यांतून काढला.

चौथा दिवस: हाउन्स्लो

हीथ्रोला सकाळी उतरलं की पिकॅडिली लाइनने हाउन्स्लो काही स्टेशनांवर आहे. दर दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान, खाली पंजाबी मिठाईची दुकानं, समोसा गरम. डूमच्या नावाचं इथे काही शोधत बसू नका. त्याचं इथे जन्मणं त्याला फार उशिरा भोवलं.

तो लहानपणीच अमेरिकेत गेला, पण अमेरिकेचा नागरिक कधी झाला नाही. २०१०मध्ये युरोपचा दौरा संपवून परतताना त्याला अमेरिकेत प्रवेश नाकारला गेला. बायको-मुलं तिकडे, हा इकडे. व्हिसाच्या स्टँपिंगसाठी भारतात आलेला आणि अडकलेला भाचा किंवा पुतण्या आपल्याकडे घरोघरी एक असतो, त्यामुळे ही भीती समजावून सांगायला नको. फरक असा, की तो जवळपास चाळीस वर्षांचं आयुष्य तिकडे सोडून अडकला होता. लंडनमध्ये त्याने पुन्हा कामाला हात घातला. २०१२चा ‘की टू द कफ्स’ हा जनेरो जॅरेलबरोबरचा अल्बम तेव्हाचा. २०१४मध्ये बिशप नेहरू या कोवळ्या रॅपरसाठी त्याने अख्खा अल्बम बांधून दिला.

व्हिसाचं: विमानतळाबाहेर पडून लीड्सपर्यंत जायचं असेल तर भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा आधी काढून ठेवा, आणि अमेरिकेच्या तिकिटाचं पक्कं करण्याआधी त्याच्या तारखा बघा.

पाचवा दिवस: लीड्स

किंग्ज क्रॉसहून लीड्स सव्वादोन तास. तिकीट आधी काढलं तर निम्म्याने स्वस्त, ऐनवेळी खिडकीवर गेलात तर अंगावर काटा येतो. पाऊस दिवसभर, बारीक आणि न थांबणारा.

इथे तो शेवटची वर्षं राहिला. मधल्या काळात, २०१७मध्ये, त्याचा १४ वर्षांचा मुलगा मालाकाय गेला होता. ३१ ऑक्टोबर २०२०ला, कोविडच्या निर्बंधांच्या काळात, डूम इथल्या सेंट जेम्स रुग्णालयात वारला. वय ४९. रक्तदाबाच्या औषधाच्या गंभीर रिॲक्शनने घसा-चेहरा सुजून श्वास कोंडल्याचं २०२३च्या चौकशीत समोर आलं. घरच्यांनी बातमी दोन महिने आपल्याकडेच ठेवली आणि ३१ डिसेंबरला जाहीर केली. रुग्णालय चालू आहे, आजारी माणसांची वर्दळ आहे. तिथे फोटो काढायला जाऊ नये.

त्याऐवजी मेरियन सेंटरमधलं जंबो रेकॉर्ड्स गाठा, १९७१पासूनचं दुकान. हिप हॉपचा कप्पा लहान पण नीट निवडलेला. भिजलेले कोट आत नेऊ नका, बाहेर खुंट्या आहेत का विचारा, तबकड्यांवर पाणी ठिबकलेलं कुठल्याच दुकानदाराला खपत नाही. दुकानातल्या मुलीने ‘स्पेशल हर्ब्स’चे भाग काढून दाखवले. ही डूमच्या नुसत्या बीट्सची दहा भागांची मालिका, गाण्यांची नावं वनौषधी आणि मसाल्यांची: केशर, धने, मेथी यांच्या जातकुळीतली. रॅप लिहायला शिकणाऱ्यांनी सुरुवात या मालिकेने करावी, असं तिचं म्हणणं. एक बीट लावायचा, ध्रुवपद न लिहिता १६ ओळी सलग लिहायच्या आणि यमक ओळीच्या टोकाला ठेवण्यापेक्षा आत दोन-तीन अक्षरांचं पेरायचं. डूमचं काम असंच चालतं: पुढची ओळ मागच्या ओळीच्या पोटातल्या आवाजाला उत्तर देते, टोकाला नाही. मराठीत हे जास्तच जमतं, लावणी आणि पोवाड्यात आतली यमकं पहिल्यापासून आहेत.

जेवायला कर्कगेट मार्केट, छतावरचं जुनं लोखंडी काम मान वर करून पाहण्यासारखं. संध्याकाळी लवकर बंद होतं, चारच्या आत जा. लंडनची परतीची गाडी सातच्या आतली धरली तर रात्री हीथ्रोजवळ मुक्कामाला पोचता येतं आणि सकाळच्या मुंबईच्या विमानाला धावपळ होत नाही.